जतन-विवेक : नऊ इंची पडद्याची निगा

दिवाळीपूर्वी पेढीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या वस्तूंचे दोन ढीग होतात. एक ठेवण्याचा, दुसरा भंगारात देण्याचा. पितळी वजने, तागडी, लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या पहिल्या ढिगात जातात. जुना संगणक मात्र फारसा विचार न करता दुसऱ्या ढिगात टाकला जातो. धान, तेंदूपत्ता आणि किराणा यांच्या व्यापारावर उभ्या असलेल्या गोंदियाच्या घरांतही हाच शिरस्ता आहे. पण एखाद्या घरी या ढिगात छपाई व्यवसायातून आलेले किंवा परदेशस्थ नातलगाने दिलेले एक छोटेसे, उभट, वर पकडण्यासाठी खाच असलेले यंत्र निघाले, तर घरातील जाणत्यांनी क्षणभर थांबावे. पडदा आणि संगणक एकाच पेटीत असलेला तो अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश असण्याची शक्यता आहे. त्याचा पडदा पुन्हा उजळवता येतो का, तो कसा, आणि तसे करावे का, हा या वेळच्या सदराचा विषय आहे.

यंत्राची ओळख

पहिला मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेत जनतेसमोर आला. त्याची किंमत २,४९५ डॉलर होती आणि स्मृती अवघी १२८ किलोबाइट. त्यानंतर १९८६ मध्ये ‘प्लस’, १९८७ मध्ये ‘एसई’, १९८९ मध्ये ‘एसई/३०’ आणि १९९० मध्ये ‘क्लासिक’ अशी त्याच घडणीची मॉडेले निघाली. या सर्वांत नऊ इंची, काळी-पांढरी पिक्चर ट्यूब आहे. पडद्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके उमटतात. एका इंचात ७२ ठिपके, असे प्रमाण मुद्दाम ठरवलेले होते. मुद्रणातील ‘पॉइंट’ हे मापही इंचाचा सुमारे ७२ वा भाग असल्यामुळे पडद्यावर दिसणारे अक्षर कागदावर त्याच आकाराचे उमटे.

या एका गुणामुळे १९८५ नंतर, लेझर प्रिंटर आणि पेजमेकर यांची जोड मिळताच, मॅकिंटॉश जगभरच्या छपाईघरांत शिरला. खिळे जुळवण्याचे काम मागे पडले आणि पाने पडद्यावर जुळू लागली. लग्नपत्रिका, स्मरणिका, पंचांगे, वंशावळी, चातुर्मासाच्या पत्रिका असे समाजजीवनाचे किती तरी साहित्य त्या काळात अशा छोट्या पडद्यांवर तयार झाले.

प्रश्न पडद्याचा नाही, आतल्या मजकुराचा आहे

चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी इतका खटाटोप का, असे व्यवहारी मन विचारेल आणि ते योग्यच आहे. त्याचे उत्तर यंत्राबरोबर सापडणाऱ्या फ्लॉपीच्या डब्यात असते.

सुरुवातीच्या मॅकिंटॉशच्या फ्लॉप्या ४०० आणि ८०० किलोबाइटच्या होत्या. दिसायला त्या इतर साडेतीन इंची फ्लॉप्यांसारख्याच असतात. परंतु या संगणकातील फ्लॉपीचे यंत्र आतल्या आणि बाहेरच्या कड्यांसाठी फिरण्याचा वेग बदलत असे. पीसीमधील फ्लॉपी-यंत्र एकाच वेगाने फिरते. त्यामुळे ८०० किलोबाइटची मॅक फ्लॉपी बाजारात मिळणाऱ्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये वाचता येत नाही. पीसी तिला कोरी किंवा खराब म्हणून दाखवतो, आणि घरातील तरुण मुलगा ‘यात काही नाही’ असे सांगून ती टाकून देतो. नंतरच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉप्यांबाबत ही अडचण बरीच कमी आहे.

दुसरी अडचण लिपीची. देवनागरीसाठी जगभर एकच सांकेतिक व्यवस्था, म्हणजे युनिकोड, १९९१ मध्ये आकाराला आली आणि रोजच्या वापरात यायला आणखी बरीच वर्षे गेली. तोवर प्रत्येक फाँट बनवणाऱ्याची मांडणी निराळी होती. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. मूळ फाँट नसेल तर तो मजकूर आजच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढिगारा दिसतो. तोच मजकूर मूळ यंत्रावर, त्यात बसवलेल्या फाँटसह, शुद्ध मराठीत उघडू शकतो. म्हणून पडदा जिवंत होणे महत्त्वाचे. आजोबांनी गोळा केलेली वंशावळ किंवा मंदिराच्या जीर्णोद्धाराची देणगीदारांची यादी कदाचित त्या एकाच पडद्यावर वाचता येणार असते.

जैन परंपरेला ही स्थिती अपरिचित नाही. षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत सुरक्षित होती. ती नागरीत उतरवली गेली, आणि मग १९३९ पासून विदर्भातील अमरावती येथून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. सुमारे वीस वर्षांत सोळा खंड निघाले. ग्रंथ सांभाळणारे हात नसते तर नक्कल करणाऱ्यांना काही मिळाले नसते, आणि नक्कल झाली नसती तर सांभाळलेले ताडपत्र वाचकांपर्यंत पोहोचले नसते. श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, झटकून, नवी वेष्टने घालण्याची चाल याच जाणिवेतून आली आहे. माध्यम बदलले तरी कर्तव्याचे स्वरूप बदलत नाही.

आधी जिवाची काळजी

पुढील सर्व माहितीपूर्वी एक गोष्ट ठसठशीतपणे सांगणे आवश्यक आहे. या यंत्राच्या पिक्चर ट्यूबला दहा-बारा हजार व्होल्टच्या घरातील विद्युतदाब दिला जातो. तारेचा प्लग काढल्यानंतरही तो भार ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. नंतरच्या काही मॉडेलांत तो आपोआप ओसरण्याची सोय असते, पण तिच्यावर विसंबू नये. शिवाय ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. मागच्या बाजूची तिची बारीक मान धक्क्याने तुटली तर ट्यूब कायमची जाते, आणि काचही उडू शकते.

म्हणून पेटी उघडण्याचे काम घरातील मुलांनी, हौशी तरुणांनी किंवा वेळ जात नाही म्हणून कोणीही हाती घेऊ नये. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी अशा गावांत जुन्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीची दुरुस्ती करत आयुष्य काढलेले कारागीर आजही भेटू शकतात. या पडद्याची रचना त्यांच्या ओळखीची आहे. तेच योक, तेच ईएचटी, तेच कंडेन्सर. संगणकाचे नाव ऐकून ते बिचकले तर त्यांना एवढेच सांगावे की आतली अर्धी पेटी टीव्हीच आहे.

त्यांनाही एक फरक मात्र आवर्जून सांगावा. भारतीय टीव्हीवर चित्राची आडवी रेघ सेकंदाला १५,६२५ वेळा ओढली जाते आणि उभी फेरी ५० वेळा होते. या संगणकात आडव्या रेघा सेकंदाला सुमारे २२,२५० आणि उभ्या फेऱ्या सुमारे ६० असतात. त्यामुळे टीव्हीचा ईएचटी येथे बसवून चालत नाही.

न उघडता करण्याची तपासणी

वीज जोडण्यापूर्वीच पहिली तपासणी सुरू होते. यंत्राच्या मागील बाजूस किती व्होल्टचे यंत्र आहे ते लिहिलेले असते. अमेरिकेतून आलेली काही मॉडेले केवळ ११०-१२० व्होल्टवर चालतात. ती घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडली तर क्षणात जळतील. अशा यंत्रासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरी गोष्ट आतील लहान बॅटरीची. ‘प्लस’ मॉडेलमध्ये ती मागच्या एका छोट्या झाकणाखाली असते आणि पेटी न उघडता निघते. ‘एसई’पासून पुढे ती आत असते. वर्षानुवर्षे पडून राहिलेली बॅटरी पाझरते आणि तिचा क्षार पाटीवरील तांब्याच्या वाटा खाऊन टाकतो. बॅटरी काढली तरी पडदा चालतो, फक्त घड्याळ चुकते. म्हणून ती आधी काढून टाकावी.

तिसरी गोष्ट जीवदयेची. कित्येक वर्षे माळ्यावर राहिलेल्या पेटीच्या झडपांतून मुंग्या, झुरळे, कोळी, कधी पालही आत वसलेली असते. यंत्र लगेच सुरू केल्यास त्या जिवांचा घात होतो, आणि त्यांच्यामुळे शॉर्ट होऊन यंत्राचाही. साधू-साध्वी प्रत्येक उपकरणाचे पडिलेहण करतात. वस्तू घेताना आणि ठेवताना सावध असणे हे पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समितीचे सार आहे. श्रावकानेही येथे तेच करावे. पेटी सावलीत, कोरड्या जागी, एका पांढऱ्या कापडावर दोन-तीन दिवस ठेवावी, झडपा मऊ ब्रशने हळुवार झाडाव्यात, आतील जीव निघून जाऊ द्यावेत. कीटकनाशकाचा फवारा कधीही मारू नये. तो हिंसेचा आहे आणि इलेक्ट्रॉनिक पाटीलाही अपायकारक आहे.

यानंतर यंत्र सुरू करून कानांनी आणि डोळ्यांनी लक्षणे टिपावीत. वैद्य नाडी पाहतो तशी ही परीक्षा आहे, आणि बऱ्याचदा तिच्यातूनच रोग कळतो.

सुरुवातीचा नाद ऐकू येतो पण पडदा काळा आहे, अशा वेळी आधी तेजाची मूठ पाहावी. ‘प्लस’मध्ये ती समोर, पडद्याच्या खाली डावीकडे असते. कोणीतरी ती पूर्ण खाली फिरवलेली असणे हा सर्वात स्वस्त बिघाड आहे. ‘क्लासिक’मध्ये अशी मूठ नाही. तेज पडद्यावरील एका नियंत्रण-चौकटीतून ठरवावे लागते.

चित्राऐवजी पडद्याच्या मधोमध एकच आडवी तेजस्वी रेघ दिसत असेल, तर किरणाला वर-खाली नेणारी यंत्रणा बंद पडली आहे. एकच उभी रेघ दिसत असेल, तर डावीकडून उजवीकडे नेणारी. ‘प्लस’मध्ये उभ्या रेघेचे कारण पुष्कळदा योकच्या जोडणीपाशी सुटलेले सोल्डर असते. यंत्र तापते, निवते, आणि ते कथलाचे टाके हळूहळू तडकतात. कारागीर याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. नवा भाग न घालता, केवळ टाका पुन्हा तापवून हा दोष जातो. अशी रेघ दिसताच यंत्र बंद करावे, कारण सगळा प्रकाश एकाच जागी एकवटल्याने ट्यूबवरील लेप जळतो.

पडदा काळा, आणि आतून ‘टक् टक् टक्’ असा ठरावीक आवाज येत असेल, तर वीजपुरवठ्यावर कुठेतरी जास्त भार पडत आहे. बहुधा एखादा भाग शॉर्ट असतो. असे यंत्र चालू ठेवू नये.

चित्र दिसते पण आकुंचन पावलेले, थरथरणारे किंवा फ्लॉपी फिरताना आत-बाहेर होणारे असेल, तर विद्युतदाब कमी पडतो आहे. वाळलेले कंडेन्सर हे त्याचे नेहमीचे कारण.

चौकटी-चौकटींची नक्षी किंवा आडवे पट्टे दिसले तर पडद्याला दोष देऊ नये. पडदा आपले काम करत आहे, चूक त्याला चित्र पुरवणाऱ्या मुख्य पाटीची आहे. ‘क्लासिक’ आणि ‘एसई/३०’च्या पाटीवरील छोटे कंडेन्सर पाझरून असे होते. जपानी हौशी मंडळींनी अशा पट्टेदार यंत्राला ‘सिमासिमॅक’ असे नाव दिले आहे. ‘शिमाशिमा’ म्हणजे पट्टेपट्टे. पाझरलेला द्रव स्वच्छ करून कंडेन्सर बदलल्यास यंत्र बहुधा परत येते.

पडद्यावर दुःखी चेहऱ्याच्या संगणकाचे चित्र आणि खाली काही अंक-अक्षरे दिसली, तर तो स्मृतीचा किंवा इतर भागाचा बिघाड आहे. फ्लॉपीचे चित्र आणि त्यात लुकलुकणारे प्रश्नचिन्ह दिसले, तर बिघाड काहीच नसण्याचाही संभव आहे. यंत्र केवळ सुरू होण्यासाठी लागणारी फ्लॉपी मागत आहे.

जुळवणी : क्रम महत्त्वाचा

दोष दूर झाल्यावर जुळवणीचा टप्पा येतो. हे काम कारागिराचे, पण क्रम घरच्या मंडळींना ठाऊक असला तर काम नीट होते आहे की नाही हे कळते.

पेटीचे स्क्रू टी-१५ या तारकाकृती तोंडाचे असतात. ‘प्लस’मध्ये ते पाच आहेत : दोन खाली, एक बॅटरीच्या झाकणाखाली आणि दोन वर, हाताने धरण्याच्या खाचेत खोलवर. त्यांच्यासाठी सुमारे वीस सेंटिमीटर लांबीचा पाना लागतो. झाकण खेचून काढण्याची घाई केली की ट्यूबची मान दुखावते. या जुन्या झाकणांच्या आतील बाजूस यंत्र घडवणाऱ्या चमूच्या सह्या साच्यातच कोरलेल्या दिसतात. कारागिराने आपल्या कामावर नाव घालावे, ही वृत्ती पाहून समाधान वाटते.

झाकण निघाल्यावर प्रथम ट्यूबमधील साठलेला भार, जमिनीशी जोडलेल्या इन्सुलेटेड साधनाने, उतरवावा लागतो. नंतर चालू यंत्रावर जुळवणी करताना अंगठी, कडे, साखळी, घड्याळ काढून ठेवावे, एक हात मागे ठेवावा, पायाखाली कोरडी लाकडी पाटी असावी आणि खोलीत दुसरे माणूस हजर असावे. फिरवण्याचे साधन प्लास्टिकचेच हवे. पडद्यासमोर आरसा ठेवला की मागून काम करताना चित्र पाहता येते आणि हात यंत्राच्या वरून पुढे न्यावा लागत नाही.

पहिला क्रमांक विद्युतदाबाचा. बाहेरची फ्लॉपी जोडण्याच्या मागील सॉकेटमध्ये सहावी पिन पाच व्होल्टची आणि पहिल्या चार जमिनीच्या असतात. तेथे मल्टिमीटरने दाब मोजता येतो. मात्र टोक घसरून दोन पिना एकमेकींना टेकल्या तर नुकसान होते, म्हणून हेही सराईत हाताचे काम. दाब पाच व्होल्टच्या अगदी जवळ आणावा. ही पायरी आधी केली नाही, तर पुढे जुळवलेली लांबी-रुंदी दाब बदलताच पुन्हा बिघडते. हिशेबात आधी शिल्लक जुळवावी आणि मग नफा काढावा, तसेच हे आहे.

दुसरा क्रमांक ‘कट-ऑफ’चा. तेजाची मूठ पूर्ण वर न्यावी. चित्राबाहेरच्या काळ्या कडेवर राखाडी उजेड दिसत असेल, तर तो जेमतेम नाहीसा होईल तेथे कट-ऑफ थांबवावा. काहीजण अंधुक ट्यूब उजळ करण्यासाठी तो वाढवत नेतात. त्यामुळे काही दिवस चित्र ठळक दिसते आणि ट्यूबचे आयुष्य मात्र झपाट्याने सरते.

तिसरा क्रमांक फोकसचा. पडद्याचा मधला भाग आणि कोपरे यांत थोडा फरक राहणारच. अक्षर दोन्हीकडे वाचता येईल असा मध्यम बिंदू शोधावा.

चौथा क्रमांक रुंदी आणि उंचीचा. येथे कोणत्याही महागड्या उपकरणाची गरज नाही, फूटपट्टी पुरते. ५१२ ठिपके भागिले ७२ म्हणजे ७.११ इंच रुंदी, ३४२ भागिले ७२ म्हणजे ४.७५ इंच उंची. सेंटिमीटरमध्ये सुमारे १८ बाय १२. चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये ७२ ठिपक्यांचा चौकोन काढून तो दोन्ही बाजूंनी एक इंच भरतो का, हेही पाहता येते. चित्राभोवती काळी किनार राहते आणि चित्राचे चारही कोपरे गोल दिसतात. ते तसेच असायचे. चित्र कडेपर्यंत ताणण्याचा मोह टाळावा, कारण त्यात माप बिघडते.

चित्र तिरके असेल तर यंत्र बंद करून, भार उतरवून, ट्यूबच्या मानेवरील योकचा पट्टा किंचित सैल करून तो फिरवावा लागतो. एका बाजूला सरकले असेल तर योकच्या मागील दोन कड्यांनी ते मध्यावर येते. चित्र सरळ झाल्यावर पट्टा पुन्हा आवळावा, पण बेताने.

खर्चाच्या दृष्टीनेही हा मार्ग परवडणारा आहे. अमेरिकेतील लेखक लॅरी पिना यांनी १९९० च्या सुमारास याच मॉडेलांच्या दुरुस्तीवर पुस्तके लिहिली आणि संपूर्ण पाटी बदलण्याऐवजी बिघडलेला छोटा भागच बदलावा, हा विचार सामान्य ग्राहकांपर्यंत नेला. भारतीय कारागिराला तो विचार शिकवावा लागत नाही.

गोंदियाचे हवापाणी

पूर्व विदर्भातील हवामान अशा यंत्रांची कसोटी पाहते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पावसाळ्यात चार महिने दमटपणा असतो, आणि राइस मिलच्या परिसरात तुसाची आणि कोंड्याची बारीक धूळ हवेत तरंगत असते. सुरुवातीच्या मॉडेलांत, ‘प्लस’सह, पंखाच नाही. खालून थंड हवा आत शिरावी आणि वरच्या फटींतून गरम हवा निघून जावी, एवढ्यावर ते यंत्र थंड राहते. त्या फटी धुळीने बुजल्या किंवा वर वह्या रचल्या की आतील टाके आणि कंडेन्सर तापून निकामी होतात. म्हणून यंत्र गादीवर ठेवू नये, चालू असताना त्यावर कापड घालू नये, भर दुपारी लावू नये. दमट दिवसांत सुरू करण्यापूर्वी ते कोरड्या खोलीत ठेवावे. वीज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर किंवा यूपीएसशिवाय जोडू नये.

फ्लॉप्यांनाही हीच हवा बाधते. पत्र्याची झडप बाजूला सारून आत पाहिल्यास चकतीवर पांढुरके डाग दिसतात, ती बुरशी असते. अशी फ्लॉपी यंत्रात घालू नये. ती स्वतः खरवडली जाते आणि यंत्राचे वाचक टोकही घाण करते, मग पुढची चांगली फ्लॉपी खराब होते.

पडदा उजळल्यावर

चित्र स्थिर झाले की कौतुकात वेळ घालवू नये. जुने यंत्र किती तास साथ देईल याचा भरवसा नसतो. प्रत्येक फ्लॉपी आत घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातील छोटी खिडकी उघडी करावी. खिडकी उघडी असली की तिच्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही. फ्लॉपी अडकली तर ओढू नये. समोरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदी टाचणी दाबली की ती बाहेर येते.

मजकूर केबलने दुसऱ्या संगणकावर नेता येतो, जाणकार मिळाल्यास उत्तम. तो मिळेपर्यंत सर्वात सोपा उपाय मोबाइलचा. प्रत्येक पान उघडून पडद्याचे छायाचित्र घ्यावे. काळा पट्टा येत असेल तर कॅमेऱ्याचा शटर वेग १/३० सेकंद ठेवावा आणि मोबाइल स्टँडवर बसवावा. खोलीतील दिवे मालवावेत. या छायाचित्रांवरून मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करता येतो. नावे, गोत्रे, गावे आणि रकमा यांची पडताळणी घरातील ज्येष्ठांकडून त्यांच्या हयातीतच करून घ्यावी. ‘तिरोडा’चे ‘तिरोरा’ झाले तर कळते, पण पणजोबांच्या नावातील चूक पुढची पिढी ओळखू शकणार नाही. तयार झालेली प्रत दोन ठिकाणी ठेवावी आणि एक छापील प्रत मंदिराच्या किंवा स्थानकाच्या ग्रंथसंग्रहात द्यावी. कागद अजूनही वीज न मागता वाचता येतो.

ठेवणे आणि सोडणे

मजकूर निघाल्यावर यंत्राचे काय करावे, हा परिग्रह-परिमाणाचा प्रश्न आहे. ज्या घराला त्याचा उपयोग आणि आदर दोन्ही आहे, त्याने ते वर्षातून दोन-तीनदा सुरू करून सांभाळावे. ज्याला नाही, त्याने ते एखाद्या शाळेला, अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा संग्राहकाला द्यावे. अपरिग्रहाचा अर्थ वस्तू उकिरड्यावर फेकणे असा होत नाही. जिथे ती उपयोगी पडेल तिथे पोहोचवणे हाही त्यागाचाच भाग आहे.

दुरुस्ती शक्यच नसेल, तरीही ते फेरीवाल्या भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. ती फोडली आणि तारा जाळून तांबे काढले की तो विषारी अंश माती, पाणी आणि हवा यांत मिसळतो, आणि त्यातील असंख्य जिवांना बाधतो. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि अशी वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावी, ही त्यांची अपेक्षा आहे. नागपूरसारख्या शहरात जाणाऱ्या घरच्या गाडीतून, ट्यूब न फोडता, ती तेथवर पोहोचवणे फारसे अवघड नाही. निघण्यापूर्वी फ्लॉपीचा डबा मात्र एकदा पुन्हा उघडून पाहावा. त्यावरच्या चिठ्ठ्यांवर आजोबांच्या हस्ताक्षरात काय लिहिले आहे, ते वाचूनच पुढचा निर्णय घ्यावा.